प्रौढांची अश्रुनलिका अरुंद झाली असेल तर सिलिकॉनची नळी घालावी की सरळ डीसीआर करावी?

सांजसावली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. माझं वय ५२. बरेच महिने डाव्या डोळ्यातून पाणी येतंय. डोळा लाल नाही, दुखत नाही, खाजत नाही, नुसतं पाणी. घरात असले तर डोळा डबडबलेला असतो, वाऱ्यात गेलं की सरळ गालावर ओघळ. पुसून पुसून पापणीखालची कातडी सोलवटली आहे. वाचताना अक्षरं पाण्याआड जातात तेव्हा फार वैताग येतो.

नेत्रतज्ज्ञांनी सिरिंजिंग केलं, म्हणजे पापणीच्या कडेच्या बारीक छिद्रातून पिचकारीने खारट पाणी सोडलं. थोडं पाणी घशात उतरलं, बाकीचं वरच्या पापणीच्या छिद्रातून डोळ्यात परत आलं. त्यांचं म्हणणं, अश्रूंचा मार्ग बंद झालेला नाही, अरुंद झालाय. सिलिकॉनची बारीक नळी घालून काही महिने ठेवू, मग काढू. दुसरं मत घ्यायला गेले तर ते डॉक्टर म्हणाले की नळीचं काम लहान मुलांत होतं, मोठ्या माणसांत ती काढली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. डीसीआर (अश्रूंना नाकात उतरायला नवी वाट करायची शस्त्रक्रिया) करून मोकळ्या व्हा.

शोधायला जावं तर सगळीकडे तान्ह्या बाळांचीच माहिती. ज्यांनी मोठेपणी ही नळी घालून घेतली आहे त्यांनी कृपया लिहा. आत टोचते का? बाहेरून दिसते का? आणि काढल्यावर पाणी परत सुरू झालं का?

रानवाट
वाचते आहे. आईलाही हाच त्रास आहे, वय ७४. तिचा तर डोळा सकाळी चिकटलेला असतो.

दगडफूल
मी घालून घेतली होती, उजव्या डोळ्याला. काढून आता दोन-तीन वर्षं झाली, पाणी परत आलेलं नाही. माझाही मार्ग पूर्ण बंद नव्हता.

टोचत नाही, पण आहे हे जाणवतं. पहिले काही दिवस नाकाकडच्या कोपऱ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, मग विसर पडला. वरच्या आणि खालच्या पापणीच्या छिद्रांमधून ती एक छोटी कमान करून जाते. आरशात नाक टेकवून पाहिलं तर काचेच्या दोऱ्यासारखी दिसते. समोरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. मुळात नळी आत असताना माझं पाणी फारसं कमी झालं नव्हतं. मी हिरमुसलेच होते. खरा फरक पडला तो काढल्यावर.

उंबरठा
माझा अनुभव नेमका उलटा. नळी घातली, चार-पाच महिने ठेवली, काढली. काही आठवडे बरं होतं आणि मग पाणी पहिल्यासारखं सुरू. शेवटी डीसीआर केली, तेव्हापासून डोळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: एकदाच भूल, एकदाच सुट्टी, सरळ डीसीआर. नळीच्या नादी लागू नका.

पिंपळपान
सांजसावली, ऑफिसात लोक तुमच्याशी फार हळुवार बोलत असतील ना? माझ्या काकांना हा त्रास होता तेव्हा ते लग्नात गेले की वधूपक्षाला वाटायचं यांनाच जास्त गहिवरून आलंय. :)

सांजसावली
पिंपळपान, हो ना! परवा मीटिंगमध्ये साहेबांनी आवाज चढवला आणि माझा डोळा वाहायला लागला. बिचारे दिवसभर माझी विचारपूस करत होते.

दगडफूल, उंबरठा, मनापासून आभार. पण दोघांचे अनुभव दोन टोकांचे निघाले. उंबरठा, तुमचा मार्ग पूर्ण बंद होता की अरुंद?

उंबरठा
पूर्ण बंद. सिरिंजिंगचं पाणी सगळं परत यायचं, घशात थेंबही नाही.

नेत्रांजन
मी नेत्रशल्यचिकित्सक आहे, अश्रुमार्गाच्या शस्त्रक्रिया करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण उंबरठा यांच्या शेवटच्या ओळीत धागाकर्तीच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अश्रू डोळ्याच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीत तयार होतात आणि आतल्या कोपऱ्यातून बाहेर पडतात. तिथे वरच्या-खालच्या पापणीच्या कडेला एकेक अश्रुछिद्र असतं, व्यास जेमतेम ०.३ मिमी. प्रत्येक छिद्रातून एक बारीक नलिका निघते. ती आधी सुमारे २ मिमी उभी जाते, मग वळून सुमारे ८ मिमी आडवी. बहुतेक माणसांत वरची आणि खालची नलिका एकत्र येऊन अश्रूंच्या पिशवीत उघडतात. पिशवीच्या खालून पुढची नलिका हाडाच्या बोगद्यातून उतरते आणि नाकात, खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या हाडाच्या घडीच्या) आडोशाला उघडते. रडलं की नाक का वाहतं ते यावरून कळेल.

‘अश्रुनलिका अरुंद आहे’ एवढ्याने काहीच ठरत नाही. कुठे अरुंद आहे आणि किती, यावर सगळं अवलंबून आहे.

नुसतं छिद्रच आकसलं असेल तर ते मोठं करणं पुरतं. कधी सोबत एकाच नलिकेत बसणारी छोटी नळी ठेवतात. बारीक आडव्या नलिका किंवा त्या एकत्र येतात ती जागा अरुंद असेल तर सिलिकॉनची नळी हा चांगला उपाय आहे, कारण डीसीआर त्या जागेच्या पलीकडे होते. डीसीआरमध्ये आपण पिशवी आणि नाक यांच्यातलं हाड काढून नवी वाट करतो. पिशवीच्या आधीच अडथळा असेल तर नुसत्या नव्या वाटेचा उपयोग काय? पिशवीखालची नलिका अर्धवट अरुंद असेल तर नळी घालून पाहता येते, पण यशाची हमी नाही. तीच पूर्ण बंद असेल तर प्रौढांत मी डीसीआरच सुचवतो.

नळीचं कामही समजून घ्या. कान टोचल्यावर भोक बुजू नये म्हणून त्यात काडी ठेवतात, तसंच हे. नळी साधारण ०.६ मिमी जाडीची असते. एक टोक वरच्या, एक खालच्या छिद्रातून घालून दोन्ही पिशवीतून नाकात उतरवतात आणि नाकात गाठ मारतात. वाट ताणून मोठी केल्यावर आतलं अस्तर त्या नळीभोवती भरून येतं. प्रौढांत साधारण ३ ते ६ महिने ठेवतात. अश्रू नळीच्या आतून जात नाहीत, तिच्याभोवतीच्या फटीतून झिरपतात. दगडफूल यांना नळी असताना फरक का पडला नाही, त्याचं कारण हेच.

धागाकर्तीने डॉक्टरांना एवढंच विचारावं: अश्रुछिद्रातून बारीक सळई घालून पाहिली तेव्हा अडली कुठे? हाडाला टेकली की मऊ जागेत रुतली? हाडाला टेकली म्हणजे सळई पिशवीपर्यंत पोचली, अडथळा असला तर खाली. मऊ अडली तर अडथळा अलीकडे, बारीक नलिकांत. या एका उत्तराने निम्मा निर्णय होईल.

दगडफूल
डॉक, इतकं सोपं करून मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर नळी असताना ते महिने काळजीत गेले नसते. खूप आभार.

आभाळमाया
याला पूर्वी लासरू म्हणायचे ना? आमच्या आजीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात गाठ यायची, दाबली की पू यायचा.

बाय द वे, इतका खर्च करण्याआधी नाकाच्या बाजूने खाली मालीश करून बघा की. माझ्या भाचीचा डोळा दीड-दोन महिन्यांत मोकळा झाला. शिवाय रोज रात्री मधाचा एक थेंब डोळ्यात.

नेत्रांजन
आभाळमाया, हो, लासरू म्हणजे तीच पिशवीची सूज.

मालीश बाळांत चालते. त्यांच्या नलिकेच्या नाकाकडच्या तोंडाशी एक पातळ पडदा जन्मतः उघडायचा राहिलेला असतो. मालिशीच्या दाबाने तो फुटतो आणि बहुतेक बाळांत तर वर्षभरात तो आपोआपच उघडतो. प्रौढांत पडदा नसतो. नलिकेच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज येऊन आत व्रणाची ऊती भरते. मालिशीने पिशवी रिकामी होईल, वाट उघडणार नाही.

आणि घरातला मध डोळ्यात घालू नका. तो निर्जंतुक नसतो. निचरा अडलेल्या डोळ्यात जंतू आधीच साठून राहतात.

चांदणवेल
थोडं वेगळं लिहिते, कारण हे कुणी लिहिलं नाही. माझ्याही दोन्ही डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी मनाने नळीपर्यंत पोचले होते. तपासणीत निघालं कोरडे डोळे! अश्रूंचा थर टिकत नव्हता, डोळा चरचरायचा, मग प्रतिक्षिप्त क्रियेने पाण्याचा लोंढा. सिरिंजिंग अगदी मोकळं होतं. थेंब, गरम पाण्याच्या घडीचा शेक आणि स्क्रीनसमोर मुद्दाम पापण्या मिटणं, एवढ्यावर भागलं.

दोन्ही डोळे, चुरचुर, स्क्रीनसमोर वाढणारा त्रास अशी लक्षणं असतील तर आधी कोरडेपणाची तपासणी करून घ्या.

नेत्रांजन
+१ चांदणवेल. शिवाय खालची पापणी वयाने सैल पडून बाहेर झुकली असेल तर छिद्र अश्रूंना टेकतच नाही. पापणी मिटण्याच्या क्रियेनेच अश्रू आत ओढले जातात. ती सैल पडली की मार्ग मोकळा असूनही पाणी येतं. तिथे नळीचा काही उपयोग नाही, पापणी घट्ट करावी लागते.

यावरून धागाकर्तीला एक सूचना. डोळा पुसताना बाहेर आणि खाली ओढू नका. मऊ कापड कोपऱ्याला, नाकाच्या दिशेने नुसतं टेकवा. सतत खाली ओढून पुसल्याने पापणी सैल होते आणि पाणी आणखी वाढतं. सोलवटलेल्या कातडीला थोडं साधं व्हॅसलीन लावा.

सांजसावली
मी अगदी तस्संच ओढून पुसते. आजपासून बंद.

मृगजळी
मी इथे क्वचित लिहिते, पण हे लिहिणं गरजेचं वाटलं. माझ्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी डोसिटॅक्सेल दर आठवड्याला चालू होतं. मध्येच डोळे वाहायला लागले. सगळ्यांना वाटलं केमोने डोळे आले असतील. थेंब दिले, फरक नाही. सुदैवाने कर्करोगतज्ज्ञांनी वेळेवर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. ते औषध अश्रूंतूनही येतं आणि त्याने बारीक नलिका आकसत जातात, कधी कायमच्या बंद होतात. नलिका नुकत्या अरुंद व्हायला लागल्या होत्या तेव्हाच दोन्ही डोळ्यांत सिलिकॉनच्या नळ्या घातल्या आणि केमो संपेपर्यंत ठेवल्या. औषध थांबवावं लागलं नाही.

आज ती बरी आहे, डोळेही बरे आहेत. कुणाच्या घरी हे औषध चालू असेल आणि डोळे वाहायला लागले तर कृपया थांबू नका, लगेच दाखवा.

नेत्रांजन
मृगजळी, तुमच्या बहिणीला शुभेच्छा. नळीचा सर्वांत मोलाचा उपयोग मला हाच वाटतो. त्या नलिका एकदा पूर्ण बुजल्या की मग काचेची जोन्स ट्यूब (डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात जाणारी नळी) कायमची बसवण्याखेरीज फारसं काही उरत नाही, आणि तिची देखभाल जन्मभर.

थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांत, काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांत आणि काही सायनसच्या शस्त्रक्रियांनंतरही मार्ग अरुंद होऊ शकतो. डॉक्टरांना जुना इतिहास सांगताना हे वगळू नका.

उंबरठा
हे सगळं मान्य. पण दगडफूल यांच्यासारख्या साध्या केसमध्ये तरी आकडे काय सांगतात? डीसीआर ९० टक्क्यांच्या वर यशस्वी असेल तर नळीचा खटाटोप कशाला?

दगडफूल
उंबरठा, डीसीआर म्हणजे हाड काढणं आहे हो. माझा मार्ग थोडासाच अरुंद होता. त्यासाठी हाडाला हात लावायचा? नळी फसली असती तर डीसीआर होतीच की पुढे. नळी घातली म्हणून ती वाट बंद होत नाही.

उंबरठा
पण मधले महिने वाया जातात त्याचं काय? मला दुसऱ्यांदा सुट्टी काढताना नाकी नऊ आले होते.

नेत्रांजन
तुमच्या दोघांच्या नलिका वेगळ्या होत्या, म्हणून उत्तरंही वेगळी. अनुभवी हातात डीसीआरचं यश ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर सांगितलं जातं, ते बरोबर आहे. प्रौढांत नळीच्या यशाचे अहवाल फार वरखाली आहेत. अर्धवट अरुंद मार्गात चांगले, पूर्ण बंद मार्गात कमी, आणि वर्षं उलटतात तसं काहींत पाणी परत येतं. म्हणून पूर्ण बंद नलिकेला नळी सुचवली जाते तेव्हा मी रुग्णाला हे आधीच सांगतो. पण ज्याला भूल झेपत नाही, रक्त पातळ करणारी औषधं थांबवता येत नाहीत किंवा ज्याला मोठी शस्त्रक्रिया मुळीच नको आहे, त्याच्यासाठी कमी यशाचा पर्यायही पर्यायच असतो.

काही ठिकाणी आता बारीक दुर्बीण थेट अश्रुमार्गात घालून अरुंद जागा डोळ्यांनी पाहून नळी बसवतात. जपानमध्ये हे काम खूप झालं आहे. चाचपडत घातलेली सळई कधी कधी भलत्याच वाटेने जाते, तो धोका त्यात कमी होतो.

जुनीपानी
अवांतर, पण इतिहासाची आवड म्हणून. बाहेरून छेद घेऊन करायची डीसीआर इटलीच्या आद्देओ टोटी यांनी १९०४ मध्ये मांडली. १९२१ मध्ये द्युपुई-द्युताँ आणि बुर्गे यांनी पिशवीचं आणि नाकाचं अस्तर टाक्यांनी जोडायची जोड दिली, त्याने नवी वाट टिकायला लागली. नाकातून जायची कल्पना त्याहूनही जुनी, कॉल्डवेल यांची, १८९३ ची. दुर्बिणी आल्यावर ती खरी चालू लागली. सिलिकॉनच्या नळीचं आजचं रूप त्या मानाने तरुण आहे: १९७० मध्ये क्विकर्ट आणि ड्रायडन यांनी नळी ओवायच्या सळया वर्णन केल्या, आणि क्रॉफर्ड यांनी १९७७ मध्ये टोकाला ऑलिव्हच्या आकाराची गोळी असलेली सळई आणि ती नाकातून पकडून ओढायचा हूक दिला. आजही ‘क्रॉफर्ड ट्यूब’ हेच नाव चालतं.

त्याआधी वाट उघडी ठेवायला रेशमी दोरे, धातूच्या तारा असलं काय काय घालत. सिलिकॉन मऊ, शरीराला न खुपणारं, म्हणून महिनोन्‌महिने राहू शकतं.

पिंपळपान
जुनीपानी, तुम्ही कुठल्याही धाग्यावर शंभर वर्षं मागे नेता आणि आम्ही आनंदाने येतो. _/\_

ओलेती_सांज
मी दगडफूल यांच्या पुढचं लिहिते, कारण नळीची कमान बाहेर आली तर काय, हे कुणीच आधी सांगत नाही. रात्री जोरात शिंक आली आणि आरशात बघते तर कोपऱ्यातून नळीचा मोठा फास लोंबतोय, बुबुळाला घासतोय. पापणी मिटवेना. काळजाचं पाणी झालं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं: ओढू नका, कापू नका, आत ढकलायचा प्रयत्न करू नका. फास नाकाच्या बाजूला कागदी चिकटपट्टीने अलगद चिकटवा आणि सकाळी या. सकाळी त्यांनी नाकात दुर्बीण घालून खालचं टोक धरलं आणि हळूच खाली ओढलं. वरची कमान माझ्या डोळ्यांदेखत लहान होत होत जागेवर बसली. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर काढेपर्यंत पुन्हा त्रास नाही.

नेत्रांजन
अचूक सांगितलंत. घरी कापली तर नळीची टोकं आत सरकून हरवतात. नळी असताना डोळा चोळायचा नाही, पहिले एक-दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची.

उलट बाजूही सांगतो: गाठ फार ताणून मारली गेली तर नळी अश्रुछिद्राला हळूहळू चिरत नेते. म्हणून छिद्र लांबट दिसायला लागलं, कोपऱ्यात लाल मांसल गोळा दिसला किंवा नाकातून वारंवार रक्त आलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

वळवाचा_पाऊस
माझी बाहेरून केलेली डीसीआर. व्रण आता शोधावा लागतो. एक गंमत आहे, नाक शिंकरलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून फुर्र्कन हवा येते. नातवंडांना हा माझा सर्वांत आवडता गुण वाटतो. :)

नेत्रांजन
वळवाचा_पाऊस, ती हवा म्हणजे तुमची नवी वाट उघडी असल्याची पावती! फक्त झोपेत श्वासासाठी दाबाच्या हवेचं यंत्र वापरणाऱ्यांना याचा कधी त्रास होतो, त्यांनी शस्त्रक्रियेआधी सांगून ठेवावं.

रानवाट
डॉक, आईबद्दल विचारू का? तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. कोपरा दाबला की पांढरट चिकट पाणी येतं. डॉक्टर आता म्हणतात आधी हे करा. आई ऐकायला तयार नाही, तिला आधी दिसायला हवंय.

नेत्रांजन
रानवाट, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. पिशवीत पू साठलेला असताना मोतीबिंदू केला तर ते जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात आणि त्या संसर्गात दृष्टी जाऊ शकते. पू येत असेल तिथे नळी घालत नाहीत. पिशवीचा निचराच मोकळा करावा लागतो. आईंना सांगा की चांगलं दिसावं म्हणूनच हे आधी.

आणि सगळ्यांसाठी: कोपऱ्यात लाल, दुखरी सूज आली असेल तेव्हा सिरिंजिंग किंवा सळई घालून घेऊ नका, आधी औषधाने सूज उतरू द्या. पाण्यात रक्त दिसत असेल किंवा कोपऱ्याच्या वरच्या बाजूला कडक गाठ लागत असेल तर स्कॅन झाल्याशिवाय ना नळी ना डीसीआर. क्वचित तिथे गाठ कर्करोगाची असते.

सांजसावली
मंडळी, थोड्या दिवसांनी लिहिते आहे. नेत्रांजन यांचा प्रश्न तस्साच कागदावर लिहून घेऊन गेले. डॉक्टरांनी हसून पुन्हा सगळं नीट केलं. आधी दोन्ही डोळ्यांत पिवळा रंग घातला. पाच मिनिटांनी उजवा डोळा स्वच्छ, डाव्यात निळ्या उजेडाखाली रंगाचं तळं तसंच. मग थेंब घालून बधिर केलं आणि खालच्या छिद्रातून सळई घातली. आत जाताना एका जागी मऊ अडखळली, जरा जोर लावल्यावर पुढे गेली आणि हाडाला टेकली. म्हणजे दोन नलिका एकत्र येतात तिथेच अरुंद आहे, पिशवीखालची नलिका मोकळी आहे. नाकातही दुर्बिणीने पाहिलं, काही अडचण नाही.

हा अहवाल घेऊन डीसीआर सुचवणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले. त्यांनी वाचला आणि म्हणाले, अडथळा इथे असेल तर नळीच आधी, माझी हरकत नाही. दोघांचं एकमत झालं! पुढच्या आठवड्यात स्थानिक भूल आणि झोपेचं औषध देऊन घालणार आहेत.

दगडफूल
शाब्बास! उशाशी एक उशी जास्त घे, डोकं उंच राहिलं की नाकातलं रक्त लवकर थांबतं. आणि त्या कुशीवर झोपू नकोस.

उंबरठा
सांजसावली, तुमच्या बाबतीत माझा आक्षेप मागे. मनापासून शुभेच्छा. काढल्यावर काय झालं ते मात्र नक्की लिहा, पुढे वाचणाऱ्यांना तेच हवं असतं.

कोवळी_उन्हं
नळी असताना एमआरआय चालतो का?

नेत्रांजन
नुसत्या सिलिकॉनच्या नळीत धातू नसतो. बसवताना ज्या सळया वापरतात त्या लगेच काढून टाकतात. तरी तंत्रज्ञांना नळी आहे हे सांगा आणि शस्त्रक्रियेचा कागद सोबत ठेवा.

सांजसावली
उंबरठा, शब्द पाळते आहे. काल नळी काढली. खुर्चीत बसवलं, थेंब घातले, कोपऱ्यातली कमान नाजूक कात्रीने कापली आणि नाकातून चिमट्याने ओढली. नाकात सणकून झिणझिण्या आल्या, डोळ्यात पाणी आलं आणि ते पाणी मला घशात उतरताना जाणवलं! हातात दिली तेव्हा ती जराशी पिवळट झाली होती. लगेच सिरिंजिंग केलं, सगळं घशात, परत काही आलं नाही.

नळी असताना मलाही थोडं पाणी यायचंच, पण दगडफूल यांनी आधी लिहिल्यामुळे घाबरले नाही. एक महिन्याने आणि मग सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलंय. तेव्हा पुन्हा लिहीन.

दगडफूल
वा वा वा! किती बरं वाटलं वाचून.

रानवाट
सांजसावली, अभिनंदन. आईची डीसीआर झाली. पू थांबला, सकाळी डोळा चिकटत नाही, आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची तारीख मिळाली आहे. नेत्रांजन, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला होता, त्यानंतरच ती तयार झाली.